गोमूचं दुखणं

शिमग्यात गोमू व्हायचं म्हणजे गड्यानं नुसतं लुगडं नेसून नाचायचं नाही, दिवसभर मुकंही राहायचं, असा केरूच्या वाडीचा रिवाज होता. सकाळी सहाणेवर, म्हणजे देवीची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, एकदा लुगडं नेसवलं की संध्याकाळी त्याच सहाणेवर ते सोडेपर्यंत गोमूनं चकार शब्द काढायचा नाही. गोमूला काय हवं नको ते तिच्याबरोबर नाचणाऱ्या संकासुरानं बोलायचं. दुसऱ्या गावच्या खेळ्यांतली, म्हणजे शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या मेळ्यातली, गोमू गाते, बोलते, लोकांच्या खोड्या काढते. पण हातखंब्याच्या आतल्या अंगाला असलेल्या या वाडीचं सगळंच जगावेगळं. का, म्हणून विचारलं तर ‘पूर्वापार हाय’ एवढंच उत्तर मिळायचं. वर विचारणाऱ्याकडे असं बघायचे, की जणू त्यानं देवीलाच जाब विचारला.

केरू यंदा तिसऱ्या वर्षी गोमू झाला होता. लहानपणी तो तापानं फणफणला होता, तेव्हा त्याच्या आईनं, गंगानं, देवीला नवस बोलला होता की पोर हाती लागलं तर तीन शिमगे गोमू म्हणून नाचवीन. पोर हाती लागलं, चांगलं उंच झालं, मुंबईला गिरणीत बदली कामगार म्हणून लागलं आणि संपात गिरणी बसली तसं घरी येऊन चिरेखाणीवर चिरे उचलायला लागलं. आई नवस मात्र विसरली नव्हती. पहिली दोन वर्षं केरूला मजा वाटली. यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा शेजारच्या गावातल्या धोंडूच्या मुलीशी, हौसाशी, त्याची सुपारी फुटली होती आणि वैशाखात लग्न होतं. नवऱ्या मुलानं ओठांवरच्या मिश्या भादरून, छातीशी कापडाचे बोळे भरून घरोघर नाचायचं, हे त्याच्या काही पचनी पडेना. ‘ह्या साली दुसरा कोन तरी उभा कर’, असं तो आदल्या दिवशी आईला म्हणालाही. आईनं त्याला असं काही झापलं की तो गुपचूप सहाणेवर जाऊन उभा राहिला. पण लुगडं नेसताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं आणि मनात देवीशी भांडण चालू होतं.

संकासूर म्हणजे महिपत. काळा झगा, डोक्यावर उंच टोपी, तिला चिकटलेली पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. पन्नाशीचा, नात्यानं केरूचा चुलता आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं, याबद्दल त्याला आयुष्यात कधी शंका आली नव्हती. त्यामुळे गोमूच्या वतीनं बोलायचं काम त्याच्याकडे आलं, यात वाडीला काहीच चूक दिसत नव्हती.

न्याहारीची वेळ टळत होती. खेळे महामार्गाच्या कडेच्या एका घरी गेले होते. अंगण सारवलेलं, घरातल्या बायका ओटीवर, मृदंग रंगात आलेला. केरूनं गिरकी घेतली, खाली बसला, उठला, पुन्हा उडी मारली आणि त्याच्या मांड्यांच्या मध्ये डावीकडे अशी कळ आली, की अंगण डोळ्यांसमोर हललं. आधी त्याला वाटलं कासोटा फार घट्ट बसला. मग ती कळ तिथून वर चढत पोटात शिरली, कपाळाला दरदरून घाम फुटला आणि तो तुळशीच्या आडोशाला जाऊन भडाभडा ओकला.

मृदंग थांबला. सगळे भोवती जमले. ‘काय झाला गो?’ असं चारी बाजूंनी विचारणं सुरू झालं. केरूला बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच त्याला त्या रिवाजाचे उपकार वाटले. ओटीवर चार बायका, त्यांत घरची नवी सून. यांच्यासमोर कुठं बोट दाखवायचं? त्याचा हात खाली जायला निघाला, पोटापर्यंत आला आणि तिथंच लाजून बसला.

“बेंबी!” महिपत ओरडला. “बेंबी सरकली. उडी मारली ना, तवाच सरकली. मना बगतानाच वाटला.”

केरूनं मान हलवली. नाही, नाही. महिपत म्हणाला, “बगा, मान हालवते. सहन होत नाय तिला.”

मग काय विचारता. केरूला ओटीवर उताणं झोपवलं. पोटावर बेंबीपाशी पीठ लावून त्यात पेटती वात उभी केली आणि वरून तांब्या उपडा घातला. वात विझली, तांब्या पोटाला घट्ट चिकटला, आणि महिपत तो धरून असा काही ओढत राहिला, की बेंबी सोडून बाकी सगळं जागचं हललं असेल. तोवर बाकीच्यांची डोकी चालू झाली. मृदंगवाला म्हणाला, खाणीवर चिरे उचलून अंगात उष्णता धरलीय. टाळकरी म्हणाला, काजूची बोंडं उपाशीपोटी खाल्ली असतील. घरच्या म्हातारीनं नजर लागली म्हणून मीठमोहरी ओवाळली, ओव्याचा काढा आणला. काढा घशाखाली गेला आणि तसाच बाहेर आला. प्रत्येकाजवळ एक कारण होतं, आणि सगळी कारणं कमरेच्या वर होती.

केरूजवळही एक कारण होतं. ते त्याला डोळे मिटले की दिसायचं. आपण देवीशी भांडलो. बाई व्हायला नको म्हणालो. आता देवी म्हणत असेल, नको म्हणतोस काय, थांब, तुला खरीच बाई करते. नाहीतर बाकी अंग सोडून नेमकं तिथंच कशाला दुखेल? वैशाखात लग्न, आणि फाल्गुनात हे. हौसाच्या घरच्यांना काय सांगायचं? एकवीस वर्षांचा दांडगा गडी तो, पण ओटीवर पडल्या पडल्या त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. गालांवरची लाली आणि काजळ एक झालं.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तरी कळ थांबेना. उलट केरू आता गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला लागला होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. महिपत बडबड्या असला तरी दगड नव्हता. तो घाबरला. “बेंबी दाद देत नाय,” तो म्हणाला. “डाक्टरकडं न्यायला पायजे.” आणि टोपी सावरत, घुंगरं वाजवत तो तसाच रस्त्यावर पळत गेला आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभा राहिला.

समोरून टेम्पो आला. मागे आंब्यांसाठीच्या रिकाम्या लाकडी पेट्या आणि पेंढा भरलेला. चालवणारा शिवा म्हणून घाटावरचा माणूस होता, पहिल्यांदाच रत्नागिरीकडे माल घेऊन चाललेला. भर दुपारी काळं उंच भूत रस्त्यात नाचताना बघून त्यानं असा ब्रेक मारला, की चार पेट्या खाली आल्या.

“ह्यो काय परकार म्हनायचा?” तो खिडकीतून ओरडला.

“आमची गोमू हाय,” महिपत हात जोडून म्हणाला. “पोटात दुकतांय तिच्या. सकाळपासना वकते. रत्नागिरीत दवाखान्यात सोड बाबा.”

खेळे चालू असताना गोमूला ‘तो’ म्हणायचं नाही, हाही वाडीचा रिवाज. महिपतनं तो अशा वेळीही पाळला. शिवानं बघितलं, तर दोघेजण हिरव्या लुगड्यातल्या एका बाईला उचलून आणत होते. पदर तोंडावर, हात पोटावर, आणि तोंडातून फक्त कण्हणं. त्याच्या स्वतःच्या घरी तीन बाळंतपणं झाली होती. त्याला जे कळायचं ते कळलं.

“बसवा पुढं. आन् तुमी मागं पेट्या धरून बसा,” तो महिपतला म्हणाला. महिपत पेंढ्यात जाऊन बसला आणि टेम्पो सुटला.

वाटेत शिवानं वळणावळणाला गाडी सावकाश घेतली, खड्डा दिसला की “सांबाळा ताई” म्हणाला. “कितवा म्हैना?” असं एकदा विचारलं. केरूनं पदराआडून त्याच्याकडे नुसतं बघितलं. माणूस चांगला आहे पण डोक्यात काहीतरी बिघडलंय, असं त्याला वाटलं. शिवाला वाटलं, बाई लाजली. त्यानं पुढे काही विचारलं नाही. मारुती मंदिराच्या पुढे गेल्यावर ‘डॉ. सौ. मालिनी आठल्ये यांचे प्रसूतिगृह’ अशी पाटी दिसली आणि त्यानं टेम्पो थेट तिच्या दारात नेऊन लावला.

पुढचं सगळं झटपट झालं. आयानं, तुळसानं, कण्हती बाई बघितली, ढकलगाडी आणली आणि काही न विचारता आतल्या खोलीत नेली. महिपत घुंगरं वाजवत मागे. बाकावर बसलेल्या गरोदर बायका आधी किंचाळल्या, मग रत्नागिरीच्याच असल्यामुळे त्यांना संकासूर ओळखू आला आणि त्या हसायला लागल्या. आत तुळसानं लुगड्याला हात घातला. कापडाचे दोन बोळे जमिनीवर पडले. तुळसा दोन पावलं मागे सरकली.

“बाई, ही बाई नाय वो!”

मालिनीबाई हात पुसत वळल्या. पंचावन्नच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, रत्नागिरीतली निम्मी पोरं त्यांच्या हातची. त्यांनी केरूच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. “दिसतंय. दाढीचे खुंट वर आलेत. काय रे, काय होतंय तुला?”

केरूनं तोंडाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. पडद्यामागून महिपत म्हणाला, “आमची गोमू बोलाची नाय, बाई. मी सांगतो. बेंबी सरकली हाय, तांब्या लावला, पन—”

“तुझी बेंबी सरकलीय का?”

“नाय.”

“मग तू बाहेर बस. तुळसा, दार लाव.”

दार लागलं. खोलीत डेटॉलचा वास होता आणि कुठंतरी आत एक नुकतंच जन्मलेलं मूल रडत होतं. केरूनं डोळे घट्ट मिटले. मालिनीबाईंनी पोट चाचपलं. पोट मऊ होतं. दुखतं कुठं म्हटलं तर नेमकं कुठंच नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि स्टूल ओढून त्याच्या डोक्याशी बसल्या.

“हे बघ, मी बायकांची डॉक्टर. पण आम्हाला शिकवलं तेव्हा पुरुष वगळून नव्हतं शिकवलं. दुखणं पोटात सुरू झालं, की खालून वर आलं?”

केरूनं पदर पुन्हा तोंडावर ओढला.

“या खोलीत दिवसभर बायका येतात. लाजतात, पदर तोंडात धरतात, पण कुठं दुखतं ते सांगतात. का, माहितीय? सांगितलं नाही तर मूल जातं, नाहीतर आई जाते. ते त्यांना ठाऊक असतं. तुम्हा पुरुषांची मात्र तोंडं शिवलेली. आज तू लुगडं नेसून आलायस ना? मग एक दिवस बायकांसारखं सांगून टाक.”

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी ते म्हटलं, आणि केरूच्या आत सकाळपासून अडकलेलं काहीतरी सुटलं. देवी, रिवाज, सहाण, सगळं त्यानं क्षणभर बाजूला ठेवलं.

“खाली,” तो म्हणाला. दिवसभर न वापरलेला आवाज फुटका निघाला. “डावी गोटी. तिथनाच सुरू झाला. बाई, देवी मला बायको मानूस करता हाय काय?”

“नाही रे राजा,” मालिनीबाई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांचा आवाज मऊ झाला. “कुणी काही करत नाहीये. बघू दे मला.”

बघता बघता त्यांचं विचारणं चालूच होतं. मार लागला होता का? नाही. ताप होता? नाही. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं? नाही. मागच्या पंधरवड्यात गाल सुजले होते, गालगुंड झालं होतं? ते लहानपणीच होऊन गेलं होतं. जांघेत कधी फुगवटा यायचा, निजलं की आत जायचा? नाही, तसं खाणीवरच्या एका म्हाताऱ्याला होतं, केरूला नाही. कळ हळूहळू वाढली की एकदम आली? “एकदम,” केरू म्हणाला. “कुनी हातात धरून पिरगाळल्यासारकी.”

“पिरगाळलीच आहे,” मालिनीबाई म्हणाल्या. डावी बाजू सुजून वर ओढली गेली होती आणि आडवी बसली होती. “आत ती एका दोरावर लटकलेली असते. तुझ्या दोराला पीळ बसलाय. त्यातून रक्त जायचं बंद झालंय, म्हणून एवढं दुखतंय. तुझ्या वयात व्हायचंच असलं तर हे असं होतं.”

“कासोट्यानं?”

“कासोट्यानं नाही, उडीनं नाही, काजूच्या बोंडांनीही नाही. काहींची आतली बांधणी जन्मापासून सैल असते. नाचताना होईल, झोपेतसुद्धा होईल. तू देवीशी भांडलास म्हणून तर मुळीच नाही.” तो देवीशी भांडला होता हे त्यांना कसं कळलं, ते केरूला समजेना. मग त्याच्या लक्षात आलं, की मघापासून आपणच सगळं बोलून टाकतोय. एकदा तोंड उघडल्यावर त्याला काही थांबवता येईना.

“ऱ्हाईल का ती?” त्यानं विचारलं.

मालिनीबाईंनी खोटं सांगितलं नाही. “न्याहारीच्या वेळी सुरू झालं म्हणतोस. अजून वेळ आहे, पण बोलण्यात घालवण्याइतका नाही.” असं म्हणून त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. “श्याम, जेवायला बसला असशील तर ऊठ. एक पीळ बसलेला मुलगा पाठवतेय. हो, मुलगाच. लुगड्यात आहे, दचकू नकोस.” श्याम हा त्यांचा धाकटा भाऊ, सर्जन. त्याचा दवाखाना पुढच्याच आळीत होता.

बाहेर शिवा अजून थांबला होता. माल पोचवायचा सोडून तो दारात येरझाऱ्या घालत होता. तुळसा धावत बाहेर आली तसा तो पुढे झाला. “काय झालं मावशी? पोरगा का पोरगी?”

“पोरगा हाय!” तुळसा म्हणाली. “आन् त्याला आता सर्जनकडं न्यायचाय, टेम्पो काढ.”

शिवानं कपाळाला हात लावला. ढकलगाडीवरून चादर गुंडाळलेला, मिश्या भादरलेला केरू बाहेर आला, तेव्हा दोघांची नजरानजर झाली. शिवानं टेम्पोचं दार उघडलं आणि या वेळी “सांबाळा दादा” म्हणाला.

महिपतला मात्र निघायला जरासा उशीर झाला. एका नव्या आजीनं नातवाला आणून संकासुराच्या पायांवर घातलं होतं, आणि संकासुरानं नाही म्हणायचं नसतं. त्यानं बाळाभोवती एक फेरी नाचली, हातात आलेला नारळ काखेत मारला आणि घुंगरं सावरत टेम्पोमागे पळत सुटला. पळताना तो रडत होता, हे टोपीच्या दाढीमुळे कुणाला दिसलं नाही. खरं दुखणं काय ते त्याला दाराआडून ऐकू आलं होतं, आणि बेंबी बेंबी म्हणून आपण निम्मा दिवस घालवला, हे त्याला कळलं होतं.

श्यामनं पीळ सोडवला. आतली गोटी काळीनिळी पडली होती. गरम पाण्यात भिजवलेली फडकी लावून तो आणि त्याची माणसं बघत उभी राहिली, आणि हळूहळू तिचा रंग फिरला. मग त्यानं दोन्ही बाजू टाके घालून जागच्या जागी बसवल्या, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको. “वाचली,” तो बाहेर येऊन म्हणाला. महिपतनं हातातला नारळ त्यालाच देऊन टाकला.

त्या संध्याकाळी महिपतनं हिरव्या लुगड्याची घडी सहाणेवर नेऊन ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं, की पोरानं बोलून रिवाज मोडलान, पण न बोलता तर पोरच मोडला असता, तवा काय चुकला आसल ता पदरात घे. गंगा शेजारी हात जोडून उभी होती. देवीनं काही तक्रार केली नाही. वाडीनं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी पार पालीच्या बाजारापर्यंत पोचवली. गोमू बाळंत झाली, मुलगा झाला, अशी. बातमी कुणी सांगितली आणि मध्ये कुणी वाढवली ते विचारण्यात अर्थ नव्हता. महिपतच होता.

केरू दवाखान्यातल्या खाटेवर सुखात होता. टाके ओढत होते, पण ती कळ गेली होती, आणि तसली कळ गेल्यावर नुसतं खिडकीबाहेर बघणंसुद्धा गोड लागतं. आई पेज घेऊन येत होती, शिवा परतीच्या वाटेवर डोकावून गेला होता. सगळं बरं चाललं होतं. अशा वेळी दारात धोंडू उभा राहिला.

धोंडू, हौसाचा बाप. मुंबईला गिरणीत जन्म घालवून परतलेला, उंच, हाडकुळा, बोलायला महाग माणूस. पायांतल्या वहाणा धुळीनं लाल झाल्या होत्या आणि चेहरा असा ओढलेला, की केरूनं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. आला. सोयरीक मोडायला आला. मुलीचा बाप काय करील दुसरं? गोमू बाळंत झाली म्हणून सगळा बाजार हसतोय.

धोंडू खाटेशी स्टुलावर बसला. “काय झाला होता?” त्यानं विचारलं.

“त्याचा असा झाला, धोंडूभाऊ,” शेजारी बसलेल्या महिपतनं सवयीनं सुरुवात केली, “सकाळी खेळे—”

“काका, गप,” केरू म्हणाला. “मी सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. कुठं दुखलं, कसं दुखलं, पोटावर हात का ठेवला, मालिनीबाई काय म्हणाल्या, श्यामनं काय केलं. एकही गोष्ट गाळली नाही. मान खाली होती, कान तापले होते, पण सांगितलं. “दोनी हायत, मामा,” तो शेवटी म्हणाला. “डाक्टर म्हनतात लग्नाला काय अडचन नाय. तरी तुमच्या मनात काय आसल तर सांगा. मी हौसाला फसवाचा नाय.”

धोंडूनं खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला. मग तो महिपतकडे वळून म्हणाला, “वायच चाय घेऊन ये.” महिपतला उठायचं नव्हतं, पण त्या आवाजापुढे तो उठला.

“पोटात दुकतांय म्हनून उचलून नेला, असा काल मना बाजारात कळला,” धोंडू म्हणाला. “लोक हसत होते. मी नाय हसलो. तरना पोरगा, वकतो, आन् पोटात दुकता सांगतो. मना म्हाईत हाय पोटात दुकना म्हंजे काय ता. आज पयली यष्टी हुकली तसा चालत सुटलो.”

केरूनं मान वर केली.

“तुज्याच वयाचा होतो. गिरनगावात एका खोलीत आमी वीस जन. पाळीवरना आलो आन् तीच कळ. वीस मानसांत कुनाला सांगाचा? पोटात दुकतांय म्हनालो. खानावळवालीनं एरंडेल पाजलान. मी घोंगडी तोंडावर घेऊन पडलो. दुसऱ्या रोजी दुकना गेला, मना वाटला, बरा झालो. बरा कसला! एक सुकून गेली. सुपारीवानी.” त्यानं खिडकीबाहेर बघितलं. “एकच हाय माजी. लगीन नको म्हनत होतो, आई ऐकेना. वर्साच्या आत थोरला झाला. मंग दोन पोरी. त्यातली धाकटी तुला दिली.”

केरूची नजर खाली गेली. त्याला दिसलं, की धोंडूच्या धुळीनं भरलेल्या पावलांवर फोड आले होते.

“तू पन गप पडला आसशील, ह्या भीतीनं आलो,” धोंडू म्हणाला. “तुला हलवून सांगाचा होता, बोल म्हनून. तू तर आदीच बोललास.”

“मामींना ठावं हाय?” केरूनं हळूच विचारलं.

“कुनाला ठावं नाय. आज तुला सांगितला.” धोंडूनं पंच्यानं तोंड पुसलं. पुसताना त्याचे डोळे ओले होते आणि तो लपवत नव्हता. “इतकी वर्सं वाटत होता, सांगितला तर मरेन. काय पन होत नाय रे. उलटा हलका वाटता.”

महिपत चहाचे पेले घेऊन दारात आला. आतलं वातावरण बघून तो तिथंच थबकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काय बोलावं ते त्याला सुचलं नाही.

“ये, बस,” धोंडू म्हणाला. “तुला पन सांगतो.” त्यानं एक पेला केरूच्या हातात दिला, एक आपण घेतला, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला. या वेळी आवाज एवढा मोकळा होता, की पलीकडच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळून ऐकू लागला.